शेड नंबर दोन: शिंपडू नका

मेरिन फ्लॅट
६ ऑक्टोबर १९६३

क्लॅरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न वाचताच शेगडीत घालणार असशील, तर निदान ही एक ओळ वाचून घाल. मला ती तपकिरी पुठ्ठ्याची वही हवी आहे. १९५१ सालची, फेब्रुवारीची पानं असलेली.

'कसा आहेस' वगैरे आपल्यात माझ्या नवऱ्याला, मर्वला, पुरलं त्या दिवशीच संपलं. तेव्हापासून दर नाताळला तू कार्ड पाठवतोस आणि मी त्याने चूल पेटवते. होबार्टच्या बंदराचं चित्र फार छान पेटतं.

आता कारण. येत्या सात फेब्रुवारीला आगीला तेरा वर्षं होतील. कारखान्याच्या फाटकासमोर, तो बाभळीचा खुंट होता तिथे, दगड बसवणार आहेत. पॉलिश केलेला काळा दगड, वर दिवा, खाली नावं. समितीचा चिटणीस कोण, तर बर्ट स्किव्हिंग्टन. हो, तोच, जो फाटकावर बसून कामगारांच्या काड्यापेट्या जमा करून घ्यायचा. रविवारी चर्चबाहेर तो मला नावांचा कागद दाखवत होता आणि माझ्या तोंडाकडे बघायचं टाळत होता. कागदावर दोन नावं होती. पॅडी, म्हणजे पॅट्रिक डूलन, आणि व्हाल्डिस ओझोल्स.

मी म्हटलं, "बर्ट, शेडमध्ये तिघं मेले. तुला तीनपर्यंत मोजता येतं ना?"

तो म्हणाला, "ईनिड, माझ्यावर कशाला डाफरतेस? चौकशीचा निकाल तुला माहीत आहे. ज्याच्या तंबाखूच्या पाइपने आग लागली त्याचं नाव, ज्यांना त्याने मारलं त्यांच्या शेजारी कसं कोरायचं? पॅडीची बायको दगडावर थुंकेल."

तर असं आहे. माझा नवरा आग लावणारा आहे आणि ते सरकारी कागदावर लिहिलेलं आहे. आग पाइपने लागली नाही हे या जगात दोन माणसांना ठाऊक आहे. त्यातला एक होबार्टच्या विद्यापीठात पोरांना उष्णता कशी मोजायची ते शिकवतो.

वही पाठव.

ईनिड

---

मेरिन फ्लॅट
२७ ऑक्टोबर १९६३

क्लॅरी,

चार ओळींचं उत्तर मिळालं. बारा वर्षांनी बहिणीला चार ओळी, आणि त्यात एक हवेबद्दल! "जुनं उकरून कुणाचं भलं होणार नाही," म्हणतोस. तुझं होणार नाही हे मला कळतं. माझ्या मुलीचं होईल.

हेदर आता सोळा वर्षांची आहे. तू पाहिलीस तेव्हा चार वर्षांची होती आणि तुझ्या चष्म्यावर जॅमची बोटं उमटवायची. गेल्या गुरुवारी ती शाळेतून फाटकी बाही घेऊन आली. शेजारच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "पाइपवाल्याची पोर, हिच्याजवळ काड्या ठेवू नका." हिने तिला बाकावरून खाली ओढलं. मास्तरांनी शिक्षा हिलाच केली. मी बाही शिवून दिली.

तू विसरला असशील म्हणून आठवण करून देते. तुम्ही शिकलेली माणसं सोयीचं बरोबर विसरता.

तो फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. उत्तरेचा वारा, सावलीत एकशे आठ फॅरनहाइट. वाळवणीचे ड्रम गरजेपेक्षा जास्त चालले होते आणि त्या आठवड्याच्या कोळशाच्या विटा फार कडक वाळून निघाल्या होत्या. हातात घेतल्या तर खापरासारख्या वाजायच्या. शेड नंबर दोनमधली थप्पी आतून तापायला लागली होती. मर्व शेडचा मुकादम. तो थप्पीत लोखंडी सळई खुपसून पंधरा मिनिटांनी बाहेर काढायचा आणि मुठीत धरून दहा आकडे मोजायचा. दहापर्यंत धरवली तर ठीक. त्या सोमवारी सहाव्या आकड्यालाच सोडावी लागली. असं झालं की शेडमध्ये एकच उपाय करायचे. नळीने थोडं पाणी शिंपडायचं. त्याच्या आधीच्या मुकादमानेही तेच केलं होतं आणि त्याच्याही आधीच्याने.

आणि सोमवारी तू कारखान्याच्या प्रयोगशाळेत म्हणालास, "ईनिड, पाण्याने हे खरंच थंड होतं का, कुणी मोजलंय?"

कुणी मोजलं नव्हतं. आपण मंगळवारी मोजलं. तुझा तो चहाचा थर्मास, आतली काच तडकलेली नाही ना म्हणून मी उजेडात धरून पाहिला होता. त्यात मोजून पाणी. कडक वाळलेल्या विटेची भुकटी पातळ काचेच्या गोळीत बंद करून, ती गोळी पाण्यात बुडवलेली. बुचातून थर्मामीटर. तुझा चष्मा सतत घामाने धुरकट व्हायचा, म्हणून भिंगातून पारा मी वाचायचे, दर अर्ध्या मिनिटाला, आणि तू घड्याळ धरायचास. गोळी फोडायच्या आधी दहा मिनिटं पारा वाचायचा, फोडल्यावर दहा मिनिटं वाचायचा. मी कुरकुर केली, की आधीचं कशाला, तेव्हा तर काहीच घडत नसतं. तू म्हणालास, "आधीचं लिहिलं नाहीस तर नंतरच्या आकड्याला काही अर्थ नाही."

मग मी काचेच्या कांडीने गोळी फोडली आणि पारा चढला. थंड पाणी, त्यात थंड भुकटी, कुठे काडी नाही, ज्योत नाही आणि पारा चढला. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. ग्रॅममागे पंचवीस कॅलरी. तू आकडेमोड केलीस आणि पांढरा पडलास. भरपूर पाणी ओतलं तर ही उष्णता पाणीच वाहून नेतं. पण थोडं शिंपडलं तर कोळसा ते पिऊन टाकतो आणि सगळी उष्णता त्याच्या अंगात राहते. म्हणजे शेडमधली माणसं वर्षानुवर्षं थंड करायला म्हणून जे करत होती त्याने थप्पी तापत होती.

हे सगळं त्या वहीत आहे. अर्ध्या मिनिटांचे आकडे माझ्या अक्षरात, खालचा हिशेब तुझ्या.

बुधवारी दुपारी तीनला थप्पी पेटली तेव्हा पॅडीने नळी धरली होती. व्हाल्डिस वरच्या फळीवर. मर्व खाली, तोंडात पाइप. रिकामा पाइप. काड्यापेटी रोज सकाळी फाटकावर बर्टच्या डब्यात टाकून तो आत जायचा आणि दिवसभर रिकामा पाइप चघळायचा, हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. चौकशीत बर्ट म्हणाला, "रोजच्या दोनशे काड्यापेट्या, कोणाची कुठली आठवत नाही." आणि तू म्हणालास, शपथेवर म्हणालास, "अशी कोणतीही तपासणी आमच्या प्रयोगशाळेत झालेली नव्हती."

मी तिसऱ्या रांगेत बसले होते, क्लॅरी. तू माझ्याकडे पाहिलंसही नाहीस.

नोकरी वाचली, बढती मिळाली, समुद्र ओलांडून गेलास. वही पाठव.

ईनिड

---

मेरिन फ्लॅट
२४ नोव्हेंबर १९६३

क्लॅरी,

तुझं दुसरं पत्र पहिल्यापेक्षाही आखूड आहे. एकच ओळ. "वही बाहेर आली तर ते पुढचा प्रश्न काय विचारतील, हे तुला कळतंय ना?"

ही धमकी आहे का? साधं लिही. मी साधी बाई आहे, बाटल्या धुणारी. वडिलांनी एकालाच शिकवलं आणि तो तू. मी तुझ्या हाताखाली तात्पुरती म्हणून लागले आणि आठ वर्षं तात्पुरतीच राहिले. पारा वाचायला माझे डोळे चालायचे, अहवालावर नाव मात्र तुझं. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता वाटतं.

पुढचा प्रश्न काय विचारतील? विचारतील, "साहेब, तुम्हाला मंगळवारीच ठाऊक होतं तर तुम्ही शेडला का कळवलं नाही?" याचं उत्तर तुला द्यावं लागेल, म्हणून तुझी बोबडी वळली आहे. वळू दे.

बर्ट परवा घरी आला होता. स्वयंपाकघरात टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. स्कोन केले होते ते खाल्ले, चहा प्यायला आणि मग म्हणाला, "हे बघ ईनिड, मलाही ते टोचतं. खोटं नाही सांगत. मर्वची काड्यापेटी माझ्या डब्यात होती की नव्हती, मला आजही शपथेवर सांगता येत नाही. पण आग विझल्यावर संध्याकाळी डब्यात तीन काड्यापेट्या उरल्या होत्या. न्यायला कुणी आलं नाही."

मी म्हटलं, "तीन? आणि हे तू तेव्हा सांगितलं नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही."

"तुझ्या तोंडाला काय बूच मारलं होतं?"

तो टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, "नुसत्या काड्यापेट्यांनी समिती ऐकणार नाही. लेखी काहीतरी दे. प्रयोगशाळेचा कागद असेल तर उत्तम. दगडवाला वीस जानेवारीला अक्षरं कोरायला घेतो. त्याच्या आधी आणलंस तर मी स्वतः समितीपुढे उभा राहीन आणि काड्यापेट्यांचंही सांगेन. नंतर आणलंस तर दगड पुसता येत नाही, बाई."

हेदर दाराआड ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "आई, कसला कागद?" मी तिला वहीचं सांगितलं. तिने विचारलं, "मग मामा देत का नाही?" मी म्हटलं, "कारण तुझा मामा भित्रा आहे." ती म्हणाली, "मी लिहू का त्यांना?" मी नको म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं असेन.

शाळेत विज्ञानात तिचं डोकं चांगलं चालतं. कुणावर गेली ते मी तिला सांगत नाही.

वीस जानेवारी. लक्षात ठेव.

ईनिड

---

मेरिन फ्लॅट
१५ डिसेंबर १९६३

क्लॅरी,

नाताळचं पुडिंग शिजत आहे, चार तास शिजणार आहे, तेवढ्यात हे लिहिते. लिहिलं नाही तर आज मला झोप येणार नाही.

हेदरला मी वरच्या फडताळातून पुडिंगचं मोठं भांडं काढायला सांगितलं. ती खुर्चीवर चढली. भांड्याबरोबर मागून एक पत्र्याचा डबा घसरला आणि जमिनीवर आपटला. मर्वचा जेवणाचा डबा. एका बाजूने काळा पडलेला, पोचा आलेला, सुतळीने बांधलेला.

ती म्हणाली, "हा बाबांचा?"

मी म्हटलं, "ठेव तो."

"आत काय आहे? काहीतरी आहे आत, हलतंय."

"ठेव म्हटलं ना! होता तिथे ठेव!"

पोरगी खुर्चीवर तशीच उभी राहिली. इतकी मी तिच्यावर कधी ओरडले नव्हते. तिने डबा ठेवला, खाली उतरली आणि मनुका निवडायला बसली. एक शब्द बोलली नाही. आमच्या घरातला अबोला तिला आईबापाकडून आला आहे.

आता तुला ठाऊक आहे ते मी तुला सांगते. तुला सगळं ठाऊक नाही.

मंगळवारी संध्याकाळी साडेपाचच्या गाडीने तू मेलबर्नला वरच्या साहेबांना आकडे दाखवायला गेलास. जाण्याआधी तू चिठ्ठी सांगितलीस आणि मी लिहिली. "शेड नंबर दोन: शिंपडू नका. थप्पी कोरडी ठेवून उपसा. पाणी घालायचंच तर भरपूर ओता." खाली तू सही केलीस आणि त्याच्याखाली एक रेघ मारलीस, चिठ्ठी घेणाऱ्याच्या सहीसाठी. तुझा नियमच होता तो. चिठ्ठी हातात द्यायची, समोर वाचून घ्यायची, सही घेऊन परत आणायची. तू म्हणालास, "आत्ता जा. मर्वच्या हातात दे."

मी "हो" म्हटलं.

मी गेले नाही.

शनिवारपासून आम्ही बोलत नव्हतो, क्लॅरी. तो म्हणाला होता, "पोरीला शेजाऱ्यांच्या अंगणात सोडून भावाच्या बाटल्या धुतेस. लोक मला हसतात. सोड ते काम." मी म्हटलं होतं, "तू सळया धरून आकडे मोजतोस, तेवढी अक्कल माझ्या बाटल्यांना आहे." हे मी त्याच्या आईसमोर म्हटलं. त्यानंतर चार दिवस अबोला. आमच्यात अबोला असला की जे काही सांगायचं ते डब्यातून जायचं. 'रॉकेल आण.' 'हेदरला खोकला आहे.' चिठ्ठी ब्रेडवर ठेवायची, झाकण लावायचं, सुतळी बांधायची. लग्नापासून हे असंच चालत होतं आणि त्याने कधी कुठली चिठ्ठी चुकवली नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी मी शेडच्या वाटेला लागले होते. फाटकापर्यंत गेले. तिथून तो दिसत होता, पॅडीशी हसत होता. मला पाहून त्याने हसू आवरलं आणि पाठ फिरवली. मी मनात म्हटलं, आता मी याच्यासमोर उभी राहून सही मागू? माझ्या बाटल्यांतली अक्कल याच्या हातात देऊ आणि सगळ्या शेडसमोर याने तोंड वाकडं करू दे? उद्या डब्यातून जाईल. एका रात्रीत काय होतंय.

बुधवारी सकाळी मी चिठ्ठी ब्रेडवर ठेवली आणि सुतळी बांधली.

कारखान्याने आठवड्याने त्याच्या वस्तू परत दिल्या. पाइप, पट्ट्याचं बक्कल आणि डबा. डब्याच्या सुतळीची गाठ माझीच होती, क्लॅरी. त्याने तो उघडलाच नव्हता. पॅडीच्या बायकोने नंतर सांगितलं की त्या आठवड्यात मर्व रोज कँटीनमध्ये मटणाचा पॅटिस खायचा आणि म्हणायचा, "घरच्या डब्यात हल्ली शिव्या असतात."

मी तो कधीच उघडला नाही. उघडायची गरजच काय होती?

पुडिंगच्या भांड्यातलं पाणी आटत आलं आहे. ओतून येते.

आले. आता तुला विचारते. तू परत आलास तेव्हा मी तुला म्हटलं होतं, "मी चिठ्ठी दिली." एवढंच म्हटलं होतं. तुला खोटं कळलं होतं का? "पुढचा प्रश्न" म्हणजे हाच का? चिठ्ठी कुणाकडे दिली होती, हा?

ईनिड

---

मेरिन फ्लॅट
१६ जानेवारी १९६४

क्लॅरी,

वही सोमवारी रजिस्टरने आली. सोबत तुझा कागद: "आता तुझं तू ठरव." तेवढंच. कमी बोलण्यात तू माझ्यावर ताण केलीस.

पान उघडलं. मंगळवार, सहा फेब्रुवारी. माझे आकडे, तुझा हिशेब, पंचवीसच्या खाली तू दोन रेघा मारल्या आहेस. अगदी तळाशी तुझ्या अक्षरात, "चिठ्ठी शेडकडे दिली, हस्ते," आणि त्यापुढे काही नाही. नुसता खरखरीत कागद. मी पान खिडकीशी धरलं. तेवढ्या जागी उजेड आरपार येतो. पात्याने खरवडलेलं आहे, आणि जुनं आहे, कडा पिवळ्या पडल्या आहेत. सहीची चिठ्ठी परत आली नाही त्यावरून तुला कळलं, आणि चौकशीच्या आधीच खरवडलंस ना? वही दाखवायची वेळ आलीच तर म्हणून. आणि मग तेही पुरेसं वाटेना, तेव्हा वहीच लपवलीस आणि शपथेवर खोटं बोललास.

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस ते म्हणून.

तू माझे आभार मानायची वाट बघत असशील तर बघत बस. मी तुझी बहीण आहे, तुझी भुकटी नाही की मला काचेच्या गोळीत बंद करून ठेवावंस. तू मला विचारायला हवं होतंस. एकदा स्वयंपाकघरात येऊन म्हणायला हवं होतंस, "ईनिड, काय केलंस?" मी रडले असते, ओरडले असते, पण बोलले असते. तू मला वाचवायचं परस्पर ठरवलंस आणि त्याची किंमत मर्वला भरायला लावलीस. आणि मी ती भरू दिली. तू बोलला नाहीस, मीही बोलले नाही. बारा वर्षं मी तुला भित्रा म्हटलं, कारण तो शब्द कुठेतरी टाकायला हवा होता.

आता उरलेलं सांगते, आणि हे मला शोभणारं नाही.

दोन दिवस मी तुझं खरवडणं वापरायचं ठरवलं होतं. किती सोपं होतं! वही बर्टकडे न्यायची. आकडे बोलतील, पाइपचं खोटं पडेल, मर्वचं नाव दगडावर लागेल. चिठ्ठी कुणाच्या हस्ते गेली? कागद फाटलाय, शाई उडालीय, तेरा वर्षांची गोष्ट, कोण जाणे. पॅडीची बायको मला रस्त्यात पूर्वीसारखंच "बरी आहेस ना" म्हणेल. सगळं जागच्या जागी. मी वही कापडात गुंडाळूनही ठेवली होती.

बुधवारी संध्याकाळी हेदरने ती सोडली. मी तिला आकडे दाखवत होते. ती बोट फिरवत खाली आली, तळाशी थांबली, पान दिव्याकडे धरलं आणि म्हणाली, "आई, इथे कुणाचं नाव होतं?"

मी म्हणणार होते, ठाऊक नाही. तोंड उघडलंही होतं.

मग मी उठून फडताळातून डबा काढला आणि तिच्यापुढे ठेवला. सुतळी तिने कापली. आत ब्रेडचा राखेसारखा भुगा, फडक्याचा तुकडा आणि चिठ्ठी. कडेने तपकिरी झालेली, पण वाचता येत होती. हेदरने मोठ्याने वाचली. "शेड नंबर दोन: शिंपडू नका." मग तिने सहीच्या रिकाम्या रेघेवर बोट ठेवलं.

मी सगळं सांगितलं. अबोला, फाटक, गाठ. काही गाळलं नाही.

ती म्हणाली, "बाबांनी हे वाचलं असतं तर?"

"तर ते आज असते. पॅडी असता. व्हाल्डिस असता."

"आणि तू मामाला इतकी वर्षं शिव्या देत होतीस. तेव्हा तुला काहीच वाटत नव्हतं?"

"वाटत होतं. म्हणूनच देत होते."

"आणि शाळेत मला पाइपवाल्याची म्हणायचे, तेव्हा?"

ती उठून मागच्या अंगणात लाकडांच्या ढिगावर जाऊन बसली. मी दारातून बघत होते. अर्ध्या तासाने आत आली आणि तोंड धुतलं. मला वाटलं, आता अबोला सुरू. पण ती समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी चिठ्ठी-बिठ्ठी लिहिणार नाही. मला तुझा राग आलाय, खूप आलाय, आणि तो मी तोंडाने सांगतेय. उद्या तू बर्टकाकांकडे जाणार आहेस. मी बरोबर येणार आहे." आणि झोपायला गेली.

ही पोरगी तुझ्यामाझ्यापेक्षा शहाणी निघाली. तुझ्यावर गेली असं मी आता म्हणणार नाही, माझ्यावर तर नाहीच.

तू म्हणायचास, फोडण्याआधीची दहा मिनिटं लिहिली नाहीस तर नंतरच्या आकड्याला काही अर्थ नाही. मी इतकी वर्षं सगळ्यांना फक्त नंतरचंच सांगत आले. मर्व कसा गेला, बर्ट कसा विसरला, भाऊ कसा उलटला. आधीचं माझ्यापाशीच ठेवलं.

आज सकाळी सातला मी वही टेबलावर उघडली, दौत काढली आणि त्या खरखरीत जागी, "हस्ते" च्या पुढे, माझं नाव लिहिलं. ईनिड टॉलॉक. त्याच्यापुढे, "दिली नाही." खरवडलेल्या कागदावर शाई पसरते, अक्षरं जाड आणि घाणेरडी आली आहेत. पण वाचता येतात.

नऊ वाजता बर्टचं समितीचं ऑफिस उघडतं. हेदर बूट घालून दारात उभी आहे. तिच्या हातात डबा आहे.

वही तुला परत मिळणार नाही.

ईनिड